पुसातलं ॲवरेज

दिवाळीत चौदा द्यायची.
आता साडेअकरा.
वहीत तीन रकाने: तारीख, लिटर, किलोमीटर.
चौथा मी आखला नव्हता,
तो बाळेशअण्णांनी लाल पेनानं आखला
आणि वर लिहिलं: कारण.

अण्णा चोर म्हणाले नाहीत.
म्हणाले, "अडीच किलोमीटर, सातेरी, लिटरमागं अडीच.
गेले कुठं खरं?"
जसं काय मी ते खिशात घालून
घरी नेले असते, पोरांना खेळायला.

दस्तगीर मिस्त्रीनं बिडी विझवली,
डिपस्टिक ओढून उजेडाकडं धरली.
ऑईल काकवीसारखं सुटत होतं, सावकाश.
"माणूस तरी पहाटे कुठं लगेच बोलतोय?
टायरातली हवा आखडते,
बाहेरची जड होते,
गाडीनं ती फोडत जायचं.
अण्णाला सांग जा, दीड तिथं गेला."
"आणि उरलेला एक?"
मिस्त्री फडक्याला हात पुसत बसला.

उरलेला एक मला ठाऊक आहे.

कडोलीच्या मळ्यात पहाटे साडेचारला
धुकं असं की हेडलाइट दोन हात पुढं जाऊन परत येतो.
कोथिंबिरीवर दंव, पालकावर दंव,
जुड्या बांधणाऱ्या चौघी,
डोक्यावर पोत्याची खोळ.
केळीच्या सोपटाची गाठ मारताना
बोटं ऐकत नाहीत त्यांची.
पहिल्या दिवशी भरमव्वा नुसती म्हणाली,
"बंद करू नको रे लगेच, हात शेकून घेतो जरा."

बॉनेटवर आठ तळवे.
हिरवे, भेगाळलेले.
खालून इंजिन घरघरतंय
आणि मांजर मांडीवर आल्यासारख्या त्या गप्प.
मग नागव्वा बाजूला होते,
तळवे कानांवर दाबते
आणि तसेच दाबून धरून जुड्यांकडं चालत जाते,
सांडू नये म्हणून.

रोज अकरा मिनिटं.
किलोमीटर शून्य,
डिझेल मात्र जळतं.
याला रकान्यात काय लिहू?
"गाडी गरम करणे" लिहिलं तरी खोटं नाही,
खरं अर्धंच.

पुढचा हिशोब सोपा.
जांबोटी, कणकुंबी, काचेला आतून फडकं,
चोर्ल्याच्या वळणांना दुसरा गिअर,
आणि केरीला उतरलं की एकदम
कुणीतरी अंगावरचं घोंगडं ओढून घेतं.
काच खाली. स्वेटर सीटवर.
म्हापशात भाजी उतरेपर्यंत गाडी
पुन्हा चौदाची असल्यासारखी वागते.

येताना टाकी फुल.
पंपावरचा शिवलिंग पावतीवर कन्नड आकडे काढतो,
मी वहीत मराठी.
भागाकार दोन्हीकडं साडेअकराच येतो.

शनिवारी अण्णा स्वतः आले.
मफलर, कानटोपी, काखेत ती वही.
शेजारच्या सीटवर बसून म्हणाले, "चल, बघूया."

मळ्यात पोचलो. मी किल्लीवर हात ठेवून थांबलो.
बायका पुढं आल्या नाहीत;
मालक दिसला की माणूस थंडी गिळतो.
इंजिन चालू. एक मिनिट. तीन.
अण्णा घड्याळाकडं बघत होते.
मग लघवीला म्हणून उतरले,
येताना गाडीच्या पुढून वळले
आणि नकळत, म्हणजे मला तरी तसं वाटलं,
बॉनेटवर हात ठेवला.
ठेवला तो ठेवलाच.

भरमव्वा पोतं सावरत जवळ आली.
"जरा सर की अण्णा."

अण्णा सरले.

परत येताना वही त्यांच्या मांडीवर होती.
चौथ्या रकान्यात काही लिहिलं का, मी बघितलं नाही.
वाटेत एकदाच बोलले:
टायरात हवा भरून घे म्हणाले,
दोन पॉइंट जास्त,
शिमग्यापर्यंत.